हौसाच्या मांडीवरचं विरजण

नमू, पाय आधी गोधडीत घे. दिगू, तू भिंतीकडे सरक. हां. आता नुसतं 'हूं' म्हणायचं, मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. विचारलेत की माझा धागा सुटतो, आणि मग राणी जाते वाघाच्या घरी नि वाघ बसतो सिंहासनावर. मागे एकदा झालं होतं ना तसं?

तर एकदा काय झालं, एका गावातला ओढा रुसला. आधी बारीक झाला, मग थेंबथेंब झाला, मग एक दिवस दिसेनासाच झाला. त्या गावात येसू गवळी राहायचा. त्याची बायको तान्हूबाई, त्यांची लेक हौसा, आणि गोठाभर गुरं. ओढा गेला तसा चारा गेला. चारा गेला तशा गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. गवळ्याला स्वतःच्या बरगड्या दिसल्या तर चालतं, गुरांच्या नाही चालत.

मग एक दिवस तान्हूबाईच्या भावाचा निरोप आला. तो राहायचा लांब, घाटाच्या पलीकडे. "ताई, इथे गवत गुडघाभर आहे, पाणी बारमाही आहे, माझ्या शेजारी एक घर रिकामं आहे. या. थंडीतच निघा, म्हणजे पावसाच्या आत गोठा उभा राहील."

झालं. बांधाबांध सुरू झाली. भांडी आली, पाटा-वरवंटा आला, गोधड्या आल्या. सगळं गाडीत गेलं, आणि शेवटी तान्हूबाईनं शिंक्यावरून एक काळं गाडगं खाली काढलं. त्यात होतं विरजण. साधंसुधं नाही बरं का. तान्हूबाईच्या सासूच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. रोज त्यातलं चार चमचे ठेवायचं, रोज त्यावर दूध घालायचं.

त्या गवळ्यांची एक रीत होती. घर बदललं की नव्या घरात पहिलं दही लागायचं ते जुन्या घरच्याच विरजणानं. शेजाऱ्याचं मागून आणलेलं चालायचं नाही. ते दही लागलं, तर दारात खुंटा ठोकायचा आणि गुरं बांधायची. नाही लागलं, तर ती जागा आपली नाही म्हणायचं आणि गाडी तशीच मागे वळवायची. आणि मागे काय होतं? कोरडा ओढा. म्हणजे समजलं ना, त्या गाडग्यात काय होतं ते?

आणि हे गाडगं न्यायचं कुणी? तर घरातल्या धाकट्या लेकीनं, मांडीवर धरून. वाटेत भुईला टेकवायचं नाही.

"जपशील ना गं?" तान्हूबाईनं विचारलं.

"जपीन," हौसा म्हणाली. आणि तिनं गाडगं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मग गाडी निघाली. पौषाचे दिवस. सकाळी बैलांच्या नाकातून वाफा निघायच्या आणि चाकाला दंव लागायचं. पुढे येसू, मागे गुरं, गाडीत तान्हूबाई, आणि हौसाच्या मांडीवर गाडगं. चालत्या गाडीत काही दही लागत नाही. हललं की मोडतं. म्हणून संध्याकाळी गाडी सोडली की तान्हूबाई धार काढायची, दूध कोमट करायची आणि तळाच्या विरजणावर ओतायची. मग हौसा ते गाडगं गोधडीत गुंडाळून पोटाशी घ्यायची आणि निजायची. सकाळी दही तयार! भाकरीबरोबर खायचं, चार चमचे तळाला ठेवायचं, की पुन्हा चाललं गाडं.

एका संध्याकाळी गाडी थांबली भातखाचरांजवळ. नुकती दिवेलागण झाली होती. बांधावरून एक बाई आली, हातात वाटी घेऊन. "विरजण आहे का हो? माझं थंडीनं गारठून मेलं. आणि आमचे हे दह्याशिवाय घास घेत नाहीत. लहान मूल परवडलं!"

येसू म्हणाला, "बाई, दिवे लागले. दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये. लक्ष्मी जाते घरातून."

बाई बिचारी वळली. हौसाला काही ते बघवेना. ती म्हणाली, "आबा, लक्ष्मी उंबऱ्यावरून जाते ना? आपल्या गाडीला उंबरा कुठंय?"

येसूनं गाडीकडे पाहिलं. तान्हूबाईनं येसूकडे पाहिलं. उंबरा नव्हता, खरंच नव्हता. मग काय, हौसानं चमचाभर विरजण वाटीत घातलं. बाई घरी गेली आणि येताना एक उशी घेऊन आली. भाताच्या तुसाची, गरम गरम. "गाडगं हिच्यात बसव पोरी, ऊब धरून ठेवील."

पुढे गाडी रानात शिरली. आणि दुसऱ्या एका संध्याकाळी, ए दिगू, घाबरायचं नाही हं, झाडीतून वाघीण आली. तिच्या मागे दोन बछडी, पोटं धरून कण्हत होती. बैल थरथरले. येसू गाडीखाली शिरला. गवळी शूर असतात, पण उगीचच्या उगीच नसतात.

वाघीण म्हणाली, "पोरांनी काहीतरी कच्चंपक्कं खाल्लं. ताक पाज म्हणतात. मी वाघीण, मी ताक कुठून आणू?"

हौसालाही गाडीखाली शिरावंसं वाटलं. पण बछड्यांची तोंडं इतकी केविलवाणी की तिनं सकाळचं वाटीत उरलेलं दही घुसळलं, पाणी घातलं, चिमूटभर मीठ घातलं आणि पाजलं दोघांना. बछड्यांनी ढेकर दिले. वाघीण म्हणाली, "या रानात तुमच्या गुरांना कुणी हात लावणार नाही. मी सोबत येते." आणि ती गाडीच्या मागून चालायला लागली. मग बैल असे सुटले म्हणता, दोन दिवसांची वाट एका दिवसात संपली!

रान संपलं, वाघीण मागे फिरली आणि समोर घाट आला. घाटावर धुकं, हाताला हात दिसेना. गार तर इतकं की गाई-म्हशींनी दूधच चोरलं, धार निघेना. आणि ठुमकी नावाचं एक कोवळं वासरू होतं, ते थरथरून खालीच बसलं. तान्हूबाईनं त्याला उचलून गाडीत घेतलं, आपल्या अंगावरची घोंगडी त्याला घातली. तेवढ्यात बैल थांबले.

रस्त्यात मधोमध एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, धुक्याची शाल, गुडघे पोटाशी घेतलेले. कोण असेल? बरोब्बर. थंडी! दर वर्षी येते ना, तीच.

येसू म्हणाला, "आजीबाई, वाट सोडा. वासरू गारठलंय."

थंडी म्हणाली, "नाही सोडणार."

तान्हूबाई म्हणाली, "आजीबाई, लांबून आलोय, पाया पडते."

थंडी म्हणाली, "हूं! पाया पडतात आणि दारं लावून घेतात. मी आले की खिडक्या लावतात, फटीत चिंध्या कोंबतात. आणि वर म्हणतात, थंडीत दही खाऊ नये! वर्षानुवर्षं ऐकतेय मी. सगळ्यांनी दही खायचं आणि मी आले की ते झाकून ठेवायचं. कसं लागतं ते तरी कळू द्या मला! त्या पोरीच्या मांडीवर आहे ना, ते द्या. मग सोडते वाट."

आता काय करायचं? गाडग्यात नेमकं चार चमचे होतं. वरून घालायला दूध नव्हतं. दिलं तर नवं घर गेलं. न द्यावं तर ठुमकी जाईल. हौसानं ठुमकीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटायला लागले होते.

हौसा गाडग्यासकट उतरली आणि म्हणाली, "आजी, घ्या. पण तळाला थोडं ठेवा हं. आमचं घर आहे त्यात."

"ठेवीन गं, ठेवीन," थंडी म्हणाली. तिनं एक बोट चाटलं. "अगं बाई!" म्हणाली. दुसरं चाटलं. तिचे डोळे लकाकले. आणि मग, तुम्ही श्रीखंडाचं पातेलं चाटता ना, तसं तिनं ते गाडगं आतून पुसून काढलं. शेवटी वर बघते तर हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"संपलं की गं," थंडी ओशाळून म्हणाली. "कुणी आपणहून कधी दिलंच नाही ना. भानच राहिलं नाही मला." तिनं शाल उचलली, तसं धुकं उचललं गेलं. खाली दरीत ऊन पडलं होतं आणि हिरवंगार गवत दिसत होतं. थंडी खाली मान घालून कड्यामागे निघून गेली.

घाट उतरता उतरता ठुमकीनं कान हलवले. सगळ्यांना हायसं वाटलं.

नव्या घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामा धावत आला. मामी भाकरतुकडा ओवाळायला आली. घर छान होतं, अंगण मोठं होतं, पाणी खळखळत होतं. गुरं गवतात शिरली, पोटभर चरली आणि त्यांनी दूधही सोडलं. पण येसू खुंटा हातात घेऊन उभाच राहिला. ठोकायचा कसा?

"माझं विरजण घे की, ताई," मामी म्हणाली. तान्हूबाईनं नको म्हणून मान हलवली. रीत ती रीत. हौसा कोपऱ्यात रिकामं गाडगं घेऊन बसली होती. तिला कुणी रागावलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

तान्हूबाई म्हणाली, "आण ते गाडगं. कढत पाण्यानं धुऊन ठेवते."

हौसानं गाडगं द्यायला उचललं, तर तिच्या नाकाशी एक वास आला. आंबूस, गोडसर. शिंक्याखाली उभं राहिलं की यायचा तोच. तिनं नाक आत घातलं.

"आई, धुऊ नको!" ती ओरडली. "वास आहे अजून! आजीनं दही चाटलं, पण मातीत मुरलंय ते कसं चाटणार?"

तान्हूबाईनं हुंगलं. मग येसूनं हुंगलं. मामानंही हुंगलं, त्याला काही कळत नव्हतं तरी. मग कोमट दूध आणलं, गाडग्यात ओतलं, वर झाकण ठेवलं. गाडगं तुसाच्या उशीत बसवलं, भोवती गोधडी गुंडाळली, आणि हौसा त्याला कुशीत घेऊन आडवी झाली. ठुमकीही येऊन तिच्या पाठीला टेकून बसली.

तेवढ्यात दारातून गार वारा आला. उंबऱ्यापलीकडे थंडी उभी होती. तान्हूबाई दार लावायला धावली. आता ही आत आली की संपलं!

पण थंडी म्हणाली, "घाबरू नका. आज मी या घरात येत नाही. डोंगराच्या पलीकडे जाऊन बसते. सकाळी येईन." आणि गेली की हो खरंच! घर कसं उबदार झालं.

आता सगळ्यांना एकच घाई. येसू हळूच आला, "बघू का गं जरा?" हौसा म्हणाली, "नाही." मग तान्हूबाई आली, "कडेनं बघते, एवढुस्सं." हौसा म्हणाली, "नाही." मग मामा आला, त्याला तर तिनं बोलूसुद्धा दिलं नाही. झाकण सारखं उघडलं की ऊब जाते, आणि ऊब गेली की दही लागत नाही. हौसालाच सगळ्यांत जास्त बघावंसं वाटत होतं. पण तिनं डोळे गच्च मिटले, गाडगं पोटाशी धरलं आणि निजली.

सकाळ झाली. कोंबडा आरवला. सगळे भोवती जमले. झाकण हौसानंच काढलं. दूध काही हललं नाही. गाडगं तिरकं केलं, तरी हललं नाही. तान्हूबाईनं देवाचं नाव घेतलं आणि सरळ उपडंच केलं. तरीही हललं नाही! असं घट्ट दही लागलं होतं.

तान्हूबाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. येसूनं अंगणात जाऊन खुंटा ठोकला, ठक् ठक् ठक्, आणि सगळ्यांत आधी ठुमकीला बांधलं. आणि हौसानं काय केलं? पहिली वाटी भरली आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली, थंडीसाठी. या खेपेला थंडीनं तळाला थोडं ठेवलं होतं बरं का.

मग ती सगळी तिथेच राहिली. गुरं वाढली, दूध वाढलं, हौसाही वाढली. आणि पौष आला की त्या घरात एक वाटी दही अजून बाहेर ठेवतात.

झाली गोष्ट. आता गोधडी गळ्यापर्यंत घ्या. नमू, एक डोळा किलकिला करून बघू नकोस, मला दिसतंय. सारखं झाकण उघडलं की काय होतं, सांगितलं ना? मिटा डोळे. सकाळी मीच उठवते.