दुसऱ्याने भरलेली बाटली

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, हवी तर माझ्या गळ्याची शपथ. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी ती घडली आणि मी तेव्हा तिथेच उभा होतो.

एकदा एक वृद्ध गुरू होते. नद्यांचे पाणी तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्या काळी नदी एवढी नितळ होती की मासे काठावरच्या माणसांना चेहऱ्याने ओळखत. पाणी तपासणाऱ्यांचा एक संघ होता. वर्षातून एकदा सारे चिंचेखाली सतरंजीवर जमत आणि सहकाऱ्यांनी शिफारस केलेल्या एकाला सन्मानाची शाल मिळे. काय साधे दिवस होते ते!

एका वर्षी गुरूंचा शिष्य शिफारशीचा कागद घेऊन आला. "नाना, परचुरे साहेबांचं नाव सुचवतोय. आज शेवटचा दिवस. माझ्या सहीखाली तुमची हवी."

नानांनी कागद पाहिला. "अक्षर तर साहेबांचंच दिसतंय."

"मजकूर त्यांनीच लिहून दिला. हल्ली तशीच पद्धत आहे. आणि माझी नोकरी कायम करणं त्यांच्याच हातात आहे, नाना."

फडताळातून पाण्याची एक बाटली काढून नानांनी शिष्यापुढे ठेवली. "हे पाणी शुद्ध आहे असं लिही आणि कर सही."

"असं कसं? चिठ्ठी नाही, तारीख नाही. कुठलं पाणी? कोणी भरलं?"

"पाणी स्वतःच सांगतंय ना, मी शुद्ध आहे म्हणून!"

शिष्य हसला, आणि हसता हसता त्याची नजर शिफारशीच्या कागदावर गेली.

नाना शांतपणे म्हणाले, "स्वतः न घेतलेल्या नमुन्याची ग्वाही आपण देत नाही. मग माणसाची कशी देतोस? एकाच्या खांद्यावर शाल पडते, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर ती पडायची राहते. तू स्वतः कुणाचं काम पाहिलं आहेस?"

"शेवंताताईंचं," शिष्य पटकन म्हणाला. "आम्ही सगळे काठावरचं पाणी भरतो. त्या कमरेएवढ्या पाण्यात, मधल्या धारेत जातात. एकदा आकडा चुकला, तर स्वतःहून अहवाल परत मागवला. मार्चात निवृत्त होतायत. पण त्यांचं नाव कोण सुचवणार?"

नानांनी कोरा कागद पुढे सरकवला. शिष्याने तेवढेच लिहिले. खाली दोघांच्या सह्या झाल्या, आणि त्या वर्षीची शाल शेवंताताईंना मिळाली.

आता कबूल करतो. नाना खरे, बाटली खरी, शेवंताताई तर सर्वांत खऱ्या. मासे थोडे फुगवले आहेत. पण तो कोरा कागद मी रचला. शिष्य मीच होतो. नानांनी नकार दिला, तेव्हा साहेबांसाठी मी दुसरी सही शोधून आणली. नोकरी कायम झाली. चिंचेखाली साहेबांना शाल घातली गेली, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या शेवंताताईंनी वाजवल्या.