देवाच्या डोक्यावरची हरळी

इनामदारांनी त्यांच्या शेतावर राबणाऱ्या धुरपाला बजावलं, "संकष्टीला शेतात हरळीची एक काडी जरी दिसली, तर झोपडी सोडायची!"

धुरपा दहा दिवस खुरपत होती. बोटं सोलवटली, पण काल उपटलेल्या जागी आज पुन्हा कोंब हजर. शेवटी तिनं आशाच सोडली.

संकष्टीला पूजा आटोपून इनामदार बांधावर आले आणि गरजले, "धुरपे, ही हरळी अजून जिवंत कशी?"

धुरपा मान वर न करता म्हणाली, "सरकार, सकाळीच तुमचा गडी इथनं हिलाच दूर्वा म्हणून खुडून घेऊन गेला. तुम्ही जिला देवाच्या डोक्यावर बसवता, ती माझ्या खुरप्याला काय भिणार?"

इनामदार परतले. झोपडी राहिली. हरळीही राहिली. धुरपा पुन्हा वाकली.