मुक्या बाहुल्यांची टोपली

फार जुनी गोष्ट. सगुणा नावाची एक बाई चिंध्यांच्या बाहुल्या करायची. आधी डोळे आणि सगळ्यात शेवटी लाल दोऱ्याने तोंड, अशी तिची रीत. तोंड शिवलं की बाहुली बोलू लागे, आणि पहिलं बोलणं तक्रारीचंच. "सुईमावशी, माझा हात वाकडा बसलाय!" "माझ्या पोटात कापूस कमी पडलाय!"

सुईला ते झोंबायचं. एकदा ती म्हणाली, "सगुणे, तोंडं शिवतेस कशाला? बाहुल्यांनी छान दिसावं आणि गप्प बसावं." सगुणालाही उसवून पुन्हा शिवायचा कंटाळा आला होता. तिने ऐकलं. टोपली मुक्या बाहुल्यांनी भरली. सुई मिरवू लागली, "बघ, आता माझा एकही टाका चुकत नाही!"

मग टोपलीत उंदीर शिरला. त्याने एकेकीला सावकाश कुरतडलं. बाहुल्या उघड्या डोळ्यांनी बघत राहिल्या. शेजारीच कापडात खोचलेल्या सुईला काहीही ऐकू आलं नाही.

सकाळी सगुणाने झाकण उघडलं, तेव्हा एकच बाहुली उरली होती, तीही अर्धी. सुई कळवळली, "आधी हिला तोंड शिव गं!" सगुणाने घाईघाईने तोंड शिवलं, टाका वाकडा गेला. सुई तक्रारीची वाट बघत राहिली.

बाहुली एवढंच म्हणाली, "आता कशाला, मावशी?"