डमरूपाठीची लेक

एका राज्यात गोजरा तांबटीण खरं बोलत होती आणि कोणी म्हणजे कोणी तिचं ऐकत नव्हतं. राजवाड्यातली आपोआप भरणारी घागर नाहीशी झाली. त्याच दिवशी ती घागर घासणारी गोजराची लेक बकुळाही नाहीशी झाली. लोक म्हणाले, पोरीनं नेली. गोजरा म्हणाली, माझ्या पोरीचा साप केलाय. तांबड्या डोक्याचा साप वाड्यातून रानाकडं जाताना मी या डोळ्यांनी पाहिला. लोक हसले.

राजा वज्रसेन हसला नाही, पण त्यालाही पटलं नाही. राजमांत्रिक त्रिविक्रम त्याला म्हणाला, "महाराज, रानात तांबडोके साप माजलेत. रान पेटवा." राजानं मशाली मागवल्या. गोजरा वाटेत आडवी उभी राहिली.

"सूर्य मावळेपर्यंत थांबा. लेक घेऊन येते."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मला आत ठेवून पेटवा."

राजा थांबला.

रानात वाळल्या पानांचा खच होता. जांभळाच्या फांदीवर भारद्वाज बसला होता.

"तू साप शोधतेस, मी साप खातो," तो म्हणाला. "आज उपाशी आहे, तरी सांगतो. इथं तांबडी डोकी पुष्कळ आहेत, सगळी मांत्रिकानं सोडलेली. विषारी एकच. ती तुझी लेक."

"माझी पोर विषारी?"

"शाप विषातच आहे. ते दाढेतून उतरलं की शाप उतरला. पण डिवचलंस तर डसेल, धरलंस तर डसेल. आई म्हणून सोडणार नाही."

"ओळखू कशी?"

"आधी पाठ बघ, डमरू हवेत. मग धीर बघ, ती पळणार नाही. शेवटी डोळा बघ, तिची बाहुली उभी असेल."

गोजरानं पाठी बघितल्या. कुणाच्या पाठीवर गोल ठिपके, कुणाच्या उभ्या रेघा. ते सगळे तिनं सोडले. काहींच्या पाठीवर आडवे डमरू होते, कण्यावर बारीक आणि कुशीकडं रुंद. तेवढेच ठेवले.

मग तिनं जमिनीवर पाय आपटला. बरेचसे फुगले, फुसफुसले, पळाले. "नुसताच थाट," गोजरा म्हणाली. दोघंच जागचे हलले नाहीत. पानांत पान होऊन पडून राहिले.

त्यातला एक बोलला. आवाज बकुळाचाच होता. "आई, मला भूक लागलीय. उचल ना मला."

गोजराचे हात पुढं गेले. दुसरा साप काहीच बोलला नाही. शेपटीनं पानं खडखडवत राहिला, जवळ येऊ नकोस म्हणून.

सूर्य टेकला होता. रानाच्या कडेला मशाली पेटल्या. गोजरानं हात आवरले आणि ती वाकली, डोळा दिसेल इतकी वाकली. गोड बोलणाऱ्याची बाहुली वाटोळी होती, कोंबडीसारखी. गप्प राहिलेल्याची बाहुली उभी चीर होती, मांजरासारखी.

पोटची पोर आवाजानं ओळखावी की विषानं? गोजरानं गोड आवाजाकडं पाठ केली. कमरेची तांब्याची ताटली काढून तिनं गप्प सापापुढं धरली.

"घाबरलीस ना? मग डस. माझ्या हातावर नको, यावर डस."

साप उसळला. दात तांब्यावर वाजले, पिवळं विष ताटलीत उतरलं. कात फाटली, आणि पानांत बकुळा उठून बसली. मागं गोड आवाज विझला, तिथं मंत्रानं साप केलेली नुसती दोरी पडली होती.

गोजरानं तिला हाताला धरून राजापुढं उभं केलं. राजानं खाली बघून विचारलं, "पोरी, घागर कोणी नेली? शाप कोणी दिला?"

बकुळानं तोंड उघडलं. गोजरानं तिला थांबवलं.

"आधी मशाली विझवा. त्या रानात साप आहेत, ते आपल्या वाटेनं जाऊ देत. त्यांनी कुणाची घागर नेलेली नाही."

राजानं मशाली विझवल्या, स्वतःची सुद्धा.

"आता सांग," गोजरा म्हणाली. "मोठ्यानं सांग. जे हसले त्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

बकुळा म्हणाली, "घागर त्याच्या देवघरात आहे. नेताना मी पाहिलं, म्हणून माझा साप केला. राजमांत्रिक त्रिविक्रम."