तेरडेवाडीची रिकामी वाटी

डोंगराच्या पार टोकाला, जिथून पुढे बैलगाडीसुद्धा जात नाही, तिथे तेरडेवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. मोजून नऊ घरं! त्यातल्या सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात छोटुकल्या घरात सोनकी आणि तिची आई राहायची. दोघीच. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची, तेव्हा कुठे यांची चूल पेटायची.

त्या वर्षी आईला ताप आला. ताप गेला एकदाचा, पण जाताना आईच्या तोंडाची चवच घेऊन गेला मेला! भाकरी दिली तरी आई म्हणायची, "मातीसारखी लागते गं." पेज दिली तरी तेच. आई वाळत चालली, उठून बसेनाशी झाली. वैद्यबुवा नाडी बघून म्हणाले, "पोरी, औषधाचं काम संपलं. आता हिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं, तर माझ्या हातात काही नाही."

 डोळे पुसत सोनकी गावामागच्या राईत धावली. आईसाठी काही आंबटगोड फळ मिळतंय का बघावं म्हणून. राईत कसली मज्जा होती, सांगू! गुलाबी, जांभळी, पांढरी फुलंच फुलं, आणि पानापानावर दवाचे चमचमते मणी. करवंदीच्या जाळीत कोळ्याचं एक भलंमोठं जाळं होतं आणि त्यात काहीतरी लुकलुकत, धडपडत होतं.

"अगं बाई, अडकलंस होय?" सोनकी म्हणाली. तिला वाटलं, फुलपाखरू असेल. हातांना काटे टोचत होते, तरी तिनं एकेक धागा हळूहळू सोडवला. आणि बघते तर काय, परी! बोटाएवढी परी! कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी पंख, मोरपंखी झगा, आणि हातात झाकण लावलेली चांदीची एक इटुकली वाटी.

सोनकीनं तिला तळहातावर घेतलं.

"किती अलगद सोडवलंस गं, बाळ!" परी पंख झटकत म्हणाली. "सांग, काय हवं तुला?"

"परीताई, माझ्या आईला जेवायला लाव ना."

"ते नाही गं माझ्या हातात. मी वाटीपरी. गावोगावच्या चवी इकडून तिकडे नेते. तू रोज एक, अशी तीन गावांची नावं घे. त्या गावाच्या नावानं जे ओळखलं जातं, ते या वाटीत येईल. पण वाटी रोज सकाळी इथून न्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणायची. आणि रिकामी नाही हं!"

"एवढंच ना? शेजारची वाटी कुणी रिकामी पाठवतं का?" सोनकी म्हणाली. "काही नसलं, तर आई चिमूटभर साखर तरी घालते."

"पण आलेल्यातलं परत घालायचं नाही. तुमचं स्वतःचं हवं. वाटी एकदा जरी रिकामी गेली, तर तिची जादू संपली. मग ती कुणाच्याच दारी जाणार नाही."

सोनकीनं वाटी घरी नेली. उंबरा ओलांडताच ती तळहाताएवढी झाली! आईजवळ बसून सोनकी म्हणाली, "नागपूर!" आणि झाकण उचललं. अहाहा! सगळं घर नारिंगी उजेडानं भरून गेलं. हजारो संत्र्यांच्या बागा जणू भिंतींवर डोलायला लागल्या, आणि वाटीत होती मऊमऊ संत्रा बर्फी. कितीही काढा, संपेचना! पण आईनं तुकडा जिभेवर ठेवला आणि हळूच बाजूला काढला. "नाही गं जात, सोने."

सोनकीला रडू आलं. पण एवढी बर्फी एकटीनं कशी खायची? तिनं घरातल्या तीन वाट्या भरल्या. एक शेजारच्या हौसाआत्यांकडे, एक बाळातात्यांकडे, एक सगुणामावशींकडे. परीच्या वाटीत तिनं आपल्या वाटणीची अर्धी भाकरी ठेवून ती राईत परत दिली, आणि स्वतः बर्फीच्या तुकड्यावर पाणी पिऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सातारा!" झाकण उघडताच आटलेल्या दुधाचा असा खमंग वास दरवळला, की शेजारच्या गोठ्यातल्या गाईसुद्धा हंबरल्या. वाटीत सोनेरी कंदी पेढे! तेही आईला जाईनात. सोनकीनं ते गावातल्या पोरांना वाटले, आणि वाटीत घरातला शेवटचा गुळाचा खडा घालून ती परत दिली.

तिसरा दिवस उजाडला. आईचा आवाज अगदी खोल गेला होता. "आई, आता कुठलं गाव सांगू गं? एकच उरलंय!"

आई पुटपुटली, "आपल्या तेरडेवाडीचं काही असेल तर दे."

सोनकीनं डोळे मिटले. "तेरडेवाडी!"

झाकण उचललं. वाटी रिकामी! ना उजेड, ना वास. या गावाच्या नावानं काही ओळखलंच जात नव्हतं, तर येणार कुठून? आणि घरातही काही उरलं नव्हतं. आता आई जेवणार नाही, आणि वाटीची जादूही आपल्यामुळे संपणार! सोनकी दारात बसून हमसून हमसून रडली. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं.

तेवढ्यात हौसाआत्या आल्या. "अगं, तुझी वाटी राहिली होती. रिकामी कशी आणायची, म्हणून दोन दिवस थांबले बघ." वाटीत तिळासारखे मूठभर काळेभोर कारळे होते. मागोमाग बाळातात्या आले, त्यांच्या वाटीत चार लालचुटुक मिरच्या. सगुणामावशींनी लसूण आणि मिठाचे खडे आणले. "गरिबाघरचं आहे हो, गोड मानून घे," त्या लाजत म्हणाल्या.

सोनकी ताडकन उठली. तव्यावर कारळे तडतडले, मिरच्या भाजल्या. खलबत्ता दणाणला! खमंग, झणझणीत वास घरभर पसरला.

"काय कुटतेस गं?" आतून आवाज आला. "माझ्या तोंडाला पाणी सुटलंय!"

हौसाआत्यांनी पळत जाऊन भाकरी आणली. आईनं चटणी लावून एक घास खाल्ला. मग दुसरा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते मिरचीनं की आनंदानं, देव जाणे! "आणखी वाढ," ती म्हणाली.

सूर्याची नुसती कड उरली होती. सोनकीनं परीची वाटी चटणीनं भरली आणि ती धावतच राईत पोचली. परीनं बोट बुडवून चाटलं, आणि सटासट सात शिंका दिल्या!

"आई गं! ही कुठली?"

"तेरडेवाडीची," सोनकी म्हणाली.

वाटी लखलखली. राईतलं एकेक फूल दिव्यासारखं पेटलं. "आता ही गावोगाव जाईल," परी म्हणाली आणि त्या उजेडात विरघळून गेली. सोनकी किती वेळ हात जोडून उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही.

महिन्याभरानं ती आईबरोबर खालच्या गावच्या बाजाराला गेली. आई चालत गेली बरं का, स्वतःच्या पायांनी! दोघींनी चटणीची टोपली मांडली. लांबून आलेला, धुळीनं माखलेला एक वाटसरू टोपलीशी थांबला.

"बाई," तो म्हणाला, "तेरडेवाडीची चटणी म्हणतात, ती हीच का?"

सोनकीनं चटकन मान वर केली. नऊ घरांचं ते गाव, आणि एका परक्या माणसाच्या तोंडी त्याचं नाव!

आई हसली. "हीच ती. या, आधी हातावर घेऊन चव तर बघा."