दरडीवर बसणारा

पूर्वी गोदेच्या काठी एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या घरी जन्माला आला होता. कुंभारांचा म्हातारा प्रमुख मरणाला टेकला, तेव्हा स्वतःचा मुलगा काळक शेजारी उभा असतानाही त्याने मानाची काठी बोधिसत्त्वाच्या हाती दिली. राजानेही तीच निवड कायम केली. बोधिसत्त्वाने ती मागितली नव्हती. काळकाच्या पोटात मात्र तेव्हापासून दुखू लागले.

प्रमुखाचे काम दिसायला सोपे होते. मातीच्या खाणीत बाकीचे खणत आणि तो वर दरडीवर बसून जमिनीला भेग पडते का ते पाही. तो ‘बाहेर’ म्हणाला की हातातले टाकून पळायचे, का म्हणून विचारायचे नाही, असा रिवाज होता.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. दीपोत्सव तोंडावर आला आणि पणत्यांना माती नव्हती. तरी बोधिसत्त्व म्हणाला, “दरड ओली आहे. वाळेपर्यंत कोणी खाली उतरू नका.” काळकाला आयतेच फावले. तो घरोघरी जाऊन लोकांचे कान भरू लागला. नंदिय नावाचा तरुण कुंभार त्याच्या बोलण्याला भुलला. पोरगा कष्टाळू होता, पण बिचारा भोळा. वर बसणारा माणूस त्यालाही अधूनमधून खुपत असे.

सगळे खाणीवर जमले. बोधिसत्त्व वाट अडवून उभा होता.

“आपण सगळेच कुंभार,” काळक गरजला. “मग याने सावलीत बसायचे आणि आपण घाम गाळायचा, हे कुठवर? याला वर बसवले कोणी?”

“तुझ्याच बापाने,” बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला.

काळकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. नंदियच पुढे झाला. त्याने बोधिसत्त्वाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि त्याच्या डोळ्यांकडे न पाहता काळकाला दिली.

“गड्यांनो, मी नको असेन तर नको,” बोधिसत्त्व म्हणाला, “पण दुसरा कोणीतरी वर बसा.”

कोण बसणार? वर बसणे म्हणजे आयते खाणे, हे काळकानेच तर सगळ्यांना पढवले होते. बोधिसत्त्वाला त्यांनी पुन्हा वर जाऊ दिले नाही. घरी जायला त्याला कोणी अडवले नसते. पण त्याने मुकाट्याने पाटी उचलली आणि तो त्यांच्याबरोबर खाली उतरला.

चांगली चिकणमाती दरडीच्या पोटात होती. काळक सर्वांच्या पुढे आत आत खणत गेला. काही वेळाने बोधिसत्त्वाच्या खांद्यावर बारीक माती ओघळली.

“बाहेर!” तो ओरडला.

काही जण पळाले. नंदियचे पाय सवयीने वळले, पण त्याने काळकाकडे पाहिले. काळक हसत होता.

“भीती घालतोय तुम्हाला,” तो म्हणाला. नंदिय थांबला आणि तेवढ्यात दरड कोसळली.

नंदिय कमरेपर्यंत गाडला गेला. बोधिसत्त्व बाहेर पोहोचला होता, तो मागे फिरला. हातांनी माती उपसून त्याने नंदियला ओढून काढले. नंदियने त्याचे पाय धरले.

“आता आत जाऊ नका! काठी मी हिसकावली, पाप माझे आहे.”

“काळक कण्हतो आहे, ऐक,” बोधिसत्त्व म्हणाला आणि पाय सोडवून आत शिरला. मग उरलेली दरडही खाली आली.

लोकांनी अंधार पडेपर्यंत उकरले. दोघे सापडले तेव्हा काळकाचे मनगट बोधिसत्त्वाच्या मुठीत होते. नंदिय पुढे पुष्कळ जगला, आणि ते जगणे त्याला जड गेले.

ही गोष्ट भगवान बुद्ध विहारात भिक्षूंना सांगत होते. संघात फूट पाडून काही भिक्षूंना घेऊन गेलेला एक भिक्षू रानात मेल्याची बातमी त्याच सकाळी विहारात आली होती.

गोष्ट संपवून बुद्ध म्हणाले, “त्याच्यामागे जाऊन परत आलेला आणि आता मान खाली घालून बसलेला हा भिक्षू म्हणजे तेव्हाचा नंदिय. आज ज्याची बातमी आली तो काळक. प्रमुख मी होतो. त्याही वेळी मला त्याला बाहेर काढता आले नाही. तरी आत जावे लागते, भिक्षूंनो. करुणा म्हणतात ती हीच.”