रिबकाबाईंचा पाहुणा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात ख्रिस्ती मंडळींची थोडी घरं होती, एक कौलारू चर्च होतं, आणि चर्चला लागूनच रिबकाबाईंचं घर होतं. चर्च झाडायचं कुणी? रिबकाबाईंनी. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुऊन, खळ घालून, इस्त्री करून कुणी ठेवायचं? रिबकाबाईंनी. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत असो, प्रार्थनेला उभं कुणी राहायचं, हे तर विचारायलाच नको. पाळकसाहेब आजारी पडले तरी उपासना अडायची नाही. रिबकाबाईंना सर्दी झाली की मात्र सगळं अडायचं.

आणि प्रार्थना तरी कशी! "हे सर्वसमर्थ, परमदयाळू, आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या स्वर्गीय पित्या..." अशी एकदा सुरू झाली की पोरंटोरं एकमेकांना चिमटे काढायला लागायची, कारण आमेन कधी येईल याचा नेम नसायचा. मोठी माणसं मात्र माना डोलवायची. म्हणायची, "बाई किती देवाच्या जवळ आहेत!"

आता कुणाला ठाऊक नव्हतं ते सांगतो. बाईंना स्वतःला तसं मुळीच वाटत नव्हतं. सगळी कामं आवरली की त्या चर्चच्या पायरीवर टेकायच्या आणि त्यांच्या जिवाला हुरहुर लागायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही हुरहुर त्याची नव्हती. परकरात होत्या तेव्हा त्या शेळ्या राखायच्या आणि दिवसभर देवाशी बडबड करायच्या. शेळी हरवली की म्हणायच्या, "शोध की रे बापा!" सापडली की पहिली त्यालाच दाखवायच्या. तो बाप कुठं गेला? आता त्याला हाक मारायला तोंड उघडलं की "हे सर्वसमर्थ, परमदयाळू" एवढंच बाहेर पडायचं. पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही.

एकदा धीर करून त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, देव मला फार लांब वाटतो हो. काय करू?"

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच आले होते. ते घाबरलेच बिचारे. म्हणाले, "बाई, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही कुठं जायचं?"

झालं! बाईंना वाटलं, आपलंच काहीतरी कमी पडतंय. त्यांनी शुक्रवारचा उपास धरला. चर्चच्या भिंतींना चुना दिला. रविवारी भरणाऱ्या शब्बाथशाळेच्या पोरांना नवं गाणं शिकवलं. हुरहुर होती तिथंच राहिली.

अशात एक दिवस फोन आला. "आई, येतेय गं मी. चार दिवस राहीन." फोन नाओमीचा होता. नाओमी ही बाईंची एकुलती एक लेक, लांब, पार नागपूरकडं दिलेली. कितीतरी दिवसांत तिला माहेरी यायला जमलं नव्हतं.

मग काय विचारता! बाईंनी पदर खोचला. बाहेरची खोली धुऊन काढली. पलंगावर घडीची चादर घातली. बिशपसाहेब आले की ज्या काचेच्या कपबशा निघायच्या, त्या कपाटातून काढल्या. नाओमी आली तशी तिला हाताला धरून पलंगावर बसवलं, पंखा लावला, पुढ्यात बशी ठेवली. लेक जरा वेळानं उठून स्वयंपाकघरात आली आणि जमिनीवर बसून लसूण सोलायला लागली, तर बाईंनी तिच्या हातातून लसूण काढून घेतला.

"ऊठ, ऊठ! इथं तळणाचा धूर आहे. माहेरी आलीस ना? मग बाहेर बस आरामात. कशाला हात लावलास तर बघ!"

"आई, तू कशी आहेस?"

"देवाची कृपा आहे. सगळं छान आहे."

छान कुठलं! गुडघा टम्म सुजलेला होता. पण चार दिवसांसाठी आलेल्या लेकीपुढं आपलं रडगाणं कशाला गायचं, असा बाईंचा विचार. लेकीनं पुन्हा म्हटलं, "आई, जरा बस ना माझ्याजवळ. मला तुला काहीतरी..." बाई म्हणाल्या, "आले, आले. एवढ्या करंज्या तळते आणि बसतेच." करंज्या संपल्या, मग अनारसे निघाले. दुसऱ्या दिवशीही तेच. नाओमी उंबऱ्यापर्यंत यायची, उभी राहायची आणि परत बाहेर जाऊन बसायची. मला तर त्या पोरीची दया येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई लेकीबरोबर द्यायला पुन्हा करंज्या तळत होत्या. नाओमी दारात येऊन उभी राहिली. हातात बॅग होती.

"आई, मी निघते."

"निघते? अगं, चार दिवस म्हणाली होतीस ना? काय कमी पडलं तुला?"

"काही कमी नाही पडलं."

"मग?"

नाओमीचे ओठ थरथरायला लागले. "मी खायला आले नव्हते गं. तुझ्या मांडीवर डोकं ठेवायला आले होते. तू मला पाहुणी केलंस, आई."

बाईंचा पारा चढला. "वा गं वा! दोन दिवस तुझ्यासाठी मरमर मरतेय मी, आणि वर हे ऐकून घ्यायचं?"

"माझ्यासाठी मरू नकोस. माझ्याजवळ बस."

बाईंच्या हातात झारा होता. कढईत करंज्या फुलत होत्या. त्या काढून घेते आणि मग बोलते, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण लेकीचं तोंड बघितलं आणि त्यांनी झारा खाली ठेवला. गॅस बंद केला. भिंतीला धरून त्या खाली बसायला गेल्या आणि "आई गं" म्हणून कळवळल्या.

"गुडघ्याला काय झालं तुझ्या?" नाओमीनं बॅग टाकली.

"पडले होते. चर्चच्या पायरीवरून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?" बाई म्हणाल्या, आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "काय काय सांगू तुला, नमू? घर खायला उठतं गं मला. संध्याकाळ झाली की जीव नकोसा होतो."

कितीतरी वर्षांनी त्यांनी लेकीला नमू म्हटलं. नमूनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सांगायचं होतं ते सांगून टाकलं. तिला दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात बाळ गेलं. सासरी सगळे म्हणत होते, होईल पुन्हा, विसरून जा. तिला तसं विसरायचं नव्हतं. तिला आईजवळ रडायचं होतं. मग दोघी तिथंच ओट्यापाशी बसून पोटभर रडल्या. करंज्या तेलातच राहिल्या. त्या दिवशी दोघींनी आमटीभात केला आणि एकाच ताटात जेवल्या.

दुपारी नमू स्वयंपाकघरातच गोधडीवर झोपली. बाई तिच्या उशाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. लेकीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. पाहुणी केलंस. निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"अरे बापा," त्या हळूच म्हणाल्या, "तुलाही मी असंच पाहुणा केलं का रे?"

हाक मारून झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आज सर्वसमर्थ नाही, परमदयाळू नाही, काहीच आडवं आलं नाही. मग त्या बोलतच सुटल्या. गुडघ्याचं सांगितलं. संध्याकाळचं सांगितलं. पोटातच गेलेल्या नातवंडाचं सांगितलं. आणि मग, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तेही आलं. "माझा माणूस नेलास. मयतीला मी उभी राहून तुझे आभार मानले. लोकांनी वाखाणलं मला. तुझ्यापुढं मी रडलेसुद्धा नाही रे. आज विचारते, का नेलास?"

आकाशातून वाणी वगैरे काही झाली नाही, उगीच कशाला खोटं सांगू? नमू कुशीवर वळली, मागच्या दारी कोंबडी ओरडली, एवढंच. पण बाईंना वाटलं, कुणीतरी अगदी जवळ बसून ऐकतंय. आणि आपण त्याच्यासाठी जेवढं झुरलो, त्याहून जास्त तो आपल्यासाठी झुरत होता.

नमू आठवडाभर राहून गेली. बाई तिला एसटीत बसवून हळूहळू पायी परत निघाल्या. लेक गेल्यावर व्हायचं तेच झालं होतं, जीव तुटत होता. तरी वाटेनं त्या मोठमोठ्यानं बोलत चालल्या होत्या. मध्येच थांबत होत्या, डोळे पुसत होत्या, एकदा तर चक्क हसल्या. समोरून गवताचा भारा घेऊन गावातली शेवंताबाई येत होती. ती बघतच राहिली.

"काय हो बाई, एकट्याच कुणाशी बोलताय?"

"एकटी कुठं?" रिबकाबाई म्हणाल्या. "घरच्या माणसाशी बोलतेय."

तात्पर्य: देवाला आपली सेवा आवडते, पण त्याआधी त्याला आपण हवे असतो. मान देता देता त्याला पाहुणा करून बाहेर बसवू नये. लेकरानं आईबापाला सांगावं तसं सुखदुःख, राग, रडणं सगळं त्याला सांगावं आणि त्याच्यावर जिवापाड माया करावी. ख्रिस्ती माणसाचं बाकी सगळं त्या मायेतूनच सुरू होतं.